घणाचा मार आत कुठवर पोहोचतो

नमस्कार मंडळी. आयोजकांनी विषय दिलाय अवजड उद्योगातलं फोर्जिंग. ह्यावर चार तासही बोलता येईल, पण मला मुळात एकच गोष्ट सांगायचीय आणि ती मी आज फिरून फिरून सांगणार आहे. लोकांना वाटतं लोखंड तापवून ठोकतात ते आकार द्यायला. अहो आकार तर ओतूनही देता येतो, रस साच्यात ओतला, गार झाला, काढला बाहेर, आणि बऱ्याचदा ते स्वस्तही पडतं. मग हजारो टनांचा दाब देणाऱ्या प्रेस, ती भट्टी, तो आवाज, हा सगळा खटाटोप कशासाठी? तर पोटासाठी. लोखंडाच्या पोटासाठी म्हणतोय मी. आपल्याही म्हणा, मुंढव्यात १९६१ साली भारत फोर्ज उभी राहिली तेव्हापासून पुण्यातल्या कितीतरी घरांच्या चुली ह्या धंद्यावर पेटल्यात.

तर पोटात काय असतं ते आधी बघू. स्टीलचा रस साच्यात ओतला की तो बाहेरून आत थिजत जातो, मधला भाग सगळ्यात शेवटी. थिजताना स्टील आकसतं, मग मधे पोकळ्या राहतात, बारीक छिद्रं राहतात, दाणे, म्हणजे धातूचे स्फटिक, मोठे आणि ओबडधोबड वाढतात, आणि जो काही मळ असतो तो ढकलला जात जात मधल्या भागात नि वरच्या टोकाला गोळा होतो. वरून बघाल तर ठोकळा एकदम ठणठणीत. आता हाच ठोकळा बाराशे अंशांच्या आसपास तापवून दाबला तर आतल्या पोकळ्या मिटतात, नुसत्या मिटत नाहीत तर त्या तापमानाला त्यांच्या भिंती एकमेकींना जुळून एकजीव होतात, मोठे दाणे मोडून नवीन बारीक दाणे तयार होतात, आणि राहिलेला मळ लांब लांब रेषांसारखा ताणला जातो. ह्या रेषांना आम्ही ग्रेन फ्लो म्हणतो. फोर्ज केलेला क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला वळणावळणाचा फिरता दांडा, उभा कापा, तोंड घासून गुळगुळीत करा आणि गरम ॲसिडमध्ये बुडवा, रेषा डोळ्यांना दिसतात, क्रँकच्या प्रत्येक वळणाबरोबर वळत गेलेल्या. तोच क्रँक सरळ गजातून कोरून काढला तर वळणावळणाला ह्या रेषा तुटलेल्या दिसतील, आणि ताण जिथे सगळ्यात जास्त तिथेच नेमक्या तुटलेल्या. तडा पडायला दुसरं काय हवं?

आता ट्रकचा क्रँकशाफ्ट प्रेसवर कसा होतो ते सांगतो, कारण हे जवळून बघायला फार कमी लोकांना मिळतं. शंभर किलोच्या आगेमागे वजनाचा बिलेट, म्हणजे स्टीलच्या गजाचा कापलेला तुकडा, इंडक्शन हीटरच्या, म्हणजे विजेवर तापवणाऱ्या यंत्राच्या, कॉइलमधून सरकत येतो, आत जाताना काळा, बाहेर येताना पिवळट पांढरा. तोंडाशी पायरोमीटर, म्हणजे लांबूनच तापमान मोजणारं यंत्र, बसवलेला असतो आणि त्याच्या पुढे तीन वाटा. तापमान बरोबर असेल तर पुढे, कमी असेल तर बाजूला काढायचा, गार झाला की परत तापवता येतो. जास्त असेल तर तिसऱ्या वाटेनं, आणि तिथे गेलेल्या मालाकडे मात्र संशयानंच बघायचं, कारण स्टील एकदा जळलं, म्हणजे दाण्यांच्या सीमांपर्यंत ऑक्सिजन शिरला, की तो माल भंगारात, मग किती का ठोका. जुने ऑपरेटर पायरोमीटरकडे बघायचे पण नाहीत, रंग बघून सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचे. (तरी पायरोमीटर हवाच, रात्रपाळीच्या शेवटी डोळ्यांवर किती भरवसा ठेवणार.)

मग पाण्याचा जोरदार फवारा, वरची काळी पापडी, म्हणजे स्केल, उडवायला. ती राहिली तर डायमध्ये, म्हणजे आकार देणाऱ्या साच्यात, दाबली जाते आणि जॉबवर, म्हणजे घडत असलेल्या भागावर, खड्डे पडतात. पुढे रोल्समध्ये बिलेटचं माप बदलायचं, जिथे जास्त माल लागणार तिथे जाड, जिथे कमी तिथे बारीक. मग ब्लॉकर डाय, इथे क्रँक ओळखू येण्याइतपत होतो, आणि मग फिनिशर. फिनिशरमध्ये एक गंमत आहे जी नवीन इंजिनिअर पोरांना लवकर पटत नाही. माल मुद्दाम जास्त घेतात, आणि तो जास्तीचा माल दोन डायच्या फटीतून बाहेर पातळ पापुद्र्यासारखा येतो, त्याला फ्लॅश म्हणतात. पोरं म्हणतात हा तर पाचवा हिस्सा माल वाया चाललाय, कमी करू. अरे पण तो फ्लॅश पातळ असल्यामुळे पटकन गार होतो, कडक होतो, बाहेरची वाट अडवतो, आणि वाट अडली म्हणून आतला माल नाइलाजानं डायच्या कानाकोपऱ्यात शिरतो. फ्लॅशमध्ये हात आखडता घेतलात की कोपरे भरत नाहीत, अंडरफिल, आणि अख्खा जॉब रिजेक्ट. मग ट्रिमिंग, मग गरम असतानाच सरळ करणं, आणि मायक्रोअलॉय स्टील, म्हणजे अगदी थोडे दुसरे धातू मिसळलेलं, असेल तर कन्व्हेयरवर ठरलेल्या वेगानं हवेत गार करायचं, वेगळं हार्डनिंग टेम्परिंग, म्हणजे परत तापवून कडक नि चिवट करणं, ते करायची गरज राहत नाही.

आता घण आणि प्रेस. जेम्स नॅस्मिथ नावाचा इंजिनिअर होता इंग्लंडात, त्याला १८३९ साली ग्रेट ब्रिटन ह्या जहाजासाठी पॅडलचा शाफ्ट फोर्ज करायचा प्रश्न आला, तीस इंच व्यासाचा, आणि तेव्हाच्या कुठल्याच घणाला तो झेपत नव्हता. त्यानं वहीत वाफेच्या घणाचं चित्र काढलं. पुढे जहाजवाल्यांनी पॅडल रद्द करून स्क्रू प्रोपेलर घेतला, शाफ्टची गरजच संपली आणि चित्र वहीतच राहिलं. १८४२ मध्ये तो फ्रान्समध्ये ल क्रूझोला गेला तर तिथे त्याच्याच चित्रावरून केलेला घण धडाधडा चालू! घरी येऊन पहिलं काम केलं ते पेटंटचं. पुढच्या पन्नास वर्षांत मग मोठ्यात मोठा घण कुणाचा ह्याची चढाओढच लागली. ल क्रूझोचा शंभर टनी घण १८७७ चा, तो आज गावात स्मारक म्हणून उभा आहे. अमेरिकेत बेथलेहेमला १८९१ मध्ये १२५ टनी घण उभारला, आणि काही वर्षांतच बंद केला. हादऱ्यांनी आजूबाजूच्या मशिनी हलायच्या हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे तोवर हायड्रॉलिक प्रेस आल्या होत्या.

प्रेस का जिंकली? कणकेच्या गोळ्यावर बुक्की मारा, वरचा भाग चेपतो, मधला तसाच. तळव्यानं सावकाश दाबा, दाब पार मध्यापर्यंत जातो. घणाचा तडाखा क्षणात संपतो, मोठ्या ठोकळ्यात तो वरच्या थरातच खर्च होतो, आणि आपला सगळा रोग तर मध्यात. लहान जॉबला घण आजही उत्तम आहे, उगाच त्याला नावं ठेवू नका, पण दोनशे टनांच्या इन्गॉटला, म्हणजे ओतलेल्या मोठ्या ठोकळ्याला, प्रेसच पाहिजे. जपानमध्ये मुरोरानला १४ हजार टनांच्या प्रेसखाली सहाशे टनांचे इन्गॉट दाबतात, अणुभट्टीच्या भांड्यांसाठी, टर्बाइनच्या रोटरसाठी, म्हणजे त्यातल्या फिरत्या अवजड दांड्यासाठी.

पण दाबून सगळंच बरं होत नाही, आणि हे फोर्जवाले सहसा सांगत नाहीत म्हणून मी सांगतो. हायड्रोजन घ्या. वितळलेल्या स्टीलमध्ये तो भरपूर विरघळतो, गार स्टीलला तो पेलवत नाही, मग मोठ्या फोर्जिंगच्या मध्यात अडकून बसतो आणि माल गार झाल्यावर कधी कधी काही दिवसांनी आतल्या आत बारीक तडे पाडतो, त्यांना फ्लेक्स म्हणतात. बाहेरून काहीच कळत नाही. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतल्या वीज केंद्रांमध्ये अवजड रोटर चालता चालता फुटले, आणि चौकशीत हायड्रोजनचं नाव आलं. तेव्हापासून मोठ्या फोर्जिंगचं स्टील ओतताना निर्वातात धरून त्यातला वायू काढणं हा नियमच झाला. शिवाय फोर्ज झाल्यावर जॉब भट्टीत दिवसचे दिवस ठेवून सावकाश गार करतात. तिथे भट्टीचं बिल बघून मॅनेजमेंट कुरकुरतं, कुरकुरू दे.

दुसरं कार्बनचं. मघाशी म्हटलं ना, मळ मधे आणि वर गोळा होतो, तसाच कार्बनही होतो. म्हणून इन्गॉटचं वरचं नि खालचं टोक कापून टाकतात. अणुभट्टीच्या भांड्याच्या भिंतीची रिंग करायची असेल तर मधला गाभा भोक पाडून काढूनच टाकतात, रोग आपोआप गेला. पण झाकण नि तळ म्हणजे भरीव ताटल्या, त्यात गाभा तसाच राहतो. फ्रान्समधल्या फ्लामानव्हिल अणुभट्टीत नेमकं हेच झालं. झाकण आणि तळ त्याच ल क्रूझोला फोर्ज झालेले, आणि एप्रिल २०१५ मध्ये जाहीर झालं की काही भागात कार्बन ०.२२ च्या जागी ०.३० टक्क्यांपर्यंत आहे. कार्बन वाढला की चिवटपणा घटतो. तोवर भांडं बसवून झालं होतं. तळ काढणं तर शक्यच नव्हतं, झाकण पुढे बदलायचं ठरलं. कितीही टनांची प्रेस लावा, कार्बन कुठे गोळा व्हायचा हे ओततानाच ठरलेलं असतं, दाबून त्याची जागा थोडी सरकते, इतकंच.

ॲल्युमिनियम नि टायटॅनियमची गोष्ट निराळी, तिथे अडचण भागांच्या प्रचंड आकाराची. जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या मोठ्या भागांसाठी प्रचंड प्रेस बांधल्या होत्या, त्यातली ३० हजार टनांची रशियनांनी उचलून नेली, अमेरिकनांच्या वाट्याला आल्या दोन १५ हजारांच्या. अमेरिकन हवाईदलाला हे झोंबलं. त्यांनी सरकारी पैशानं प्रेस उभारायला घेतल्या आणि १९५५ मध्ये ५० हजार टनांच्या दोन सुरू झाल्या, एक क्लीव्हलँडला, एक ग्राफ्टनला. लांबलचक पंखाचा कणा वीस तुकडे जोडून करायचा की एकाच फोर्जिंगमधून, हा फरक आहे. जोड कमी, रिव्हेट कमी, वजन कमी. क्लीव्हलँडच्या प्रेसला २००८ मध्ये तडे सापडले, बांधून अर्धशतक उलटलेलं मशीन, कुणालाही वाटेल मोडीत काढा. तर जवळजवळ दहा कोटी डॉलर खर्चून ती दुरुस्त केली आणि परत कामाला लावली, आणि तिच्याखाली आज एफ-३५ विमानाचे भाग निघतात. चीननं मध्यंतरी ८० हजार टनांची केली. पण अशी प्रेस ऑर्डर देऊन पुढच्या महिन्यात मिळत नाही हो, तिच्या फ्रेमचे भागच मुळात एवढे मोठे की ते ओतायला नि फोर्ज करायला तुमच्याकडे आधीपासून मोठा कारखाना लागतो.

आता प्रश्नांकडे येऊ. चिठ्ठीत कुणीतरी विचारलंय की आपल्या गाडीतला क्रँक फोर्ज केलेलाच असतो का? तर नाही. कितीतरी लहान पेट्रोल गाड्यांमध्ये ओतीव लोखंडाचा असतो, गोलाकार ग्रॅफाइटचं लोखंड, आणि तो मजेत लाखभर किलोमीटर चालतो. ताण तेवढाच असेल तर फोर्जिंगचा खर्च कशाला करायचा? डिझेल ट्रकला मात्र ओतीव नको. पुढची चिठ्ठी द्या.