बॅटरीच्या आतली कल्हई

माझ्या लहानपणी गिरगावातल्या आमच्या चाळीत कल्हईवाला यायचा. जिन्याजवळ छोटी भट्टी मांडायचा, भात्याने निखारे फुलवायचा, पितळेचं पातेलं तापलं की नवसागराची पूड भुरभुरवून वर कथलाची कांडी टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील आतून सरसर पसरवायचा. लागायचं किती? नखाएवढं. पण तो थर उडाला की ताक कळकायचं, आमटी कळकायची. आजी पातेलं उजेडात तिरपं धरून आतला रंग पाहायची आणि ‘आता यात आंबट करू नका’ म्हणायची. आज मला लिथियम-आयन बॅटरीतल्या अशाच एका कल्हईविषयी बोलायचं आहे. फक्त तिथे झाकण लावल्यावर कल्हईवाल्याला आत जाता येत नाही. म्हणून कल्हईचं सामान, म्हणजे ॲडिटिव्ह नावाची रसायनं, आधीच आमटीत विरघळवून ठेवावं लागतं आणि पातेल्याने ते स्वतःच चढवून घ्यावं लागतं.

आमटी म्हणजे इलेक्ट्रोलाइट. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आणि बेस्टच्या इलेक्ट्रिक बसमध्ये हा द्रव साधारण एकाच घराण्यातला असतो: इथिलीन कार्बोनेट, त्याच्या जोडीला डायमिथाइल किंवा इथाइल मिथाइल कार्बोनेटसारखं पातळ द्रावक, आणि त्यात विरघळलेलं लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट हे मीठ. चार्जिंग करताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, या द्रवातून पोहत ऋण इलेक्ट्रोडवरच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात. सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम, एवढी तिथे जागा.

अडचण इथेच आहे. लिथियम धातूच्या तुलनेत मोजलं तर ग्रॅफाइट चार्ज होतं ०.१ व्होल्टच्या आसपास. आणि हे कार्बोनेट द्रव ०.८ व्होल्टच्या आसपासच इलेक्ट्रॉन घेऊन फुटायला लागतात. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर ही बॅटरी चालायलाच नको. द्रवाची राखरांगोळी व्हायला हवी. ती होत नाही, कारण पहिल्या चार्जिंगला जो थोडा द्रव फुटतो त्याचे अवशेष ग्रॅफाइटवर सायीसारखे धरतात. ही साय आयनांना वाट देते, इलेक्ट्रॉनांना अडवते. इस्रायलचे शास्त्रज्ञ इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये लिथियम धातूवरच्या अशा थराला ‘सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज’ असं नाव दिलं. जाडी काही दशक नॅनोमीटर. केसाच्या जाडीत असे हजारभर थर सहज मावतील.

पण साय प्रत्येक दुधाला सारखी धरत नाही. प्रॉपिलीन कार्बोनेट हा इथिलीन कार्बोनेटचा सख्खा भाऊ. अंगावर एक मिथाइल गट जास्त, बाकी तेच. कडाक्याच्या थंडीतही तो पातळ राहतो, म्हणून आधी सगळ्यांची भिस्त त्याच्यावर होती. पण तो लिथियमचं बोट धरून ग्रॅफाइटच्या थरांत घुसतो आणि थर पापुद्र्यासारखे सुटून येतात. म्हणूनच १९९१ मध्ये सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली तेव्हा तिच्यात ग्रॅफाइट नव्हतं, कोक हा कार्बनचाच दुसरा प्रकार होता. दरम्यान १९९० मध्ये कॅनडात जेफ डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं, की इथिलीन कार्बोनेट असेल तर ग्रॅफाइट टिकतं. एका मिथाइल गटाने किती वर्षं खाल्ली बघा. माझ्यासारख्या रसायनाच्या माणसाला ही गोष्ट अजूनही झोप लागू देत नाही.

मग ॲडिटिव्ह कशाला? कारण इथिलीन कार्बोनेटची साय चालते, पण विरळ असते. ती झिरपते, पुन्हा धरते, आणि दर वेळी थोडं लिथियम कायमचं अडकून बसतं. इथे व्हिनिलीन कार्बोनेट येतं. द्रवात घालायचं फक्त एक-दोन टक्के. ते इथिलीन कार्बोनेटच्या आधी इलेक्ट्रॉन घेतं, स्वतः फुटतं, आणि त्याच्या दुहेरी बंधामुळे साखळ्या जोडून चिवट पॉलिमरचा थर बनवतं. दुसऱ्यावर यायचा घाव आधी स्वतःवर घेतं म्हणा ना.

याचं मोल कळायला एक गणित पुरे. दर चार्जिंगला ९९.९ टक्के लिथियम परत येतं असं धरा. ऐकायला उत्तम वाटतं. हजार वेळा गुणा, शिल्लक राहते जेमतेम ३७ टक्के. आता ९९.९९ घ्या. हजार वेळांनंतर ९० टक्के. दशांश चिन्हापुढच्या त्या एका जास्तीच्या नवासाठी हा सगळा खटाटोप. डान यांच्या गटाने २०१९ मध्ये ज्या सेलचे निष्कर्ष मांडले आणि ज्यांची ‘दहा लाख मैलांची बॅटरी’ म्हणून जगभर चर्चा झाली, त्यांतही अशीच दोन-दोन ॲडिटिव्हची जोडी होती.

सिलिकॉनचं दुखणं वेगळं. ते लिथियम घेताना फुगून तिप्पट-चौपट होतं, तेव्हा साय तडकते. तिथे फ्लोरोइथिलीन कार्बोनेट वापरतात. ते तडे भरत राहतं, पण भरताना संपतही जातं, आणि संपलं की बॅटरी एकाएकी बसते.

आता मुंबईकरांचा शत्रू: दमट हवा. पावसाळ्यात पापड सादळतात तसं हे लिथियमचं मीठ सादळतं, पण पापड नुसता मऊ पडतो, हे मीठ पाण्याशी भिडून हायड्रोफ्लोरिक आम्ल सोडतं. काच खाणारं आम्ल. धन इलेक्ट्रोडमध्ये मँगनीज असेल तर ते आम्ल त्याला सोलून काढतं, ते मँगनीज वाहत ग्रॅफाइटवर जाऊन बसतं आणि आपली कष्टाने धरलेली साय बिघडवतं. म्हणून इलेक्ट्रोलाइटमध्ये पाणी दहा लाख भागांत वीस भागांपेक्षा कमी ठेवतात, आणि सेल भरायच्या खोलीतली हवा जुलैतही वाळवंटापेक्षा कोरडी ठेवावी लागते. तरी जे आम्ल तयार होतं ते टिपून घेणारी वेगळी ॲडिटिव्ह आहेत.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगतो. डान यांच्याच, कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात काही सेल नुसते ठेवल्या ठेवल्या उतरत होते. तापवून ठेवलेल्या सेलमधला द्रव लालभडक निघाला. शोधता शोधता चोर सापडला तो इलेक्ट्रोडची गुंडाळी जागेवर धरणाऱ्या चिकटपट्टीत. ती पॉलिएस्टरची, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लॅस्टिकची. द्रवात तिचे तुकडे पडून असा रेणू सुटत होता, जो एका इलेक्ट्रोडवरून इलेक्ट्रॉन उचलून दुसऱ्यावर नेऊन टाकायचा; आतल्या आत हमाली चालू. पट्टीला सुरुंग लावणारी अल्कोक्साइड नावाची रसायनं ग्रॅफाइटवर कच्ची साय धरताना तयार होतात, आणि व्हिनिलीन कार्बोनेट असेल तर ती होत नाहीत. म्हणजे ज्याला आपण इलेक्ट्रोडची कल्हई समजत होतो, ते चिकटपट्टीचीही राखण करत होतं.

माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतले विद्यार्थी समोर दिसतात, त्यांच्यासाठी हे. व्हिनिलीन कार्बोनेट बनवायची कृती तुम्हाला परकी नाही: इथिलीन कार्बोनेटवर क्लोरीन, मग ट्रायइथाइल अमीनने हायड्रोजन क्लोराइड काढून टाकणं. अंबरनाथ, तारापूर, पाताळगंगा इथल्या कारखान्यांना याहून किचकट रसायनं रोजची आहेत. खरी परीक्षा शुद्धीकरणात. क्लोरीनचा अंश राहिला तर तो रेणू रक्षण करण्याऐवजी घर पोखरतो. आपल्याकडे सेल जोडण्याच्या कारखान्यांची चर्चा खूप होते, या दोन टक्क्यांची होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मागून एका ताईंनी विचारलंय, स्कूटरच्या बॅटरीसाठी घरी काय करावं? ताई, बॅटरी पूर्ण भरून तशीच मे महिन्याच्या उन्हात उभी ठेवू नका. उष्णता आणि भरलेली बॅटरी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की साय सर्वांत वेगाने खराब होते. गाडी सावलीत लावा, आणि निघायच्या थोडं आधी शंभर टक्के करा.

आणि ही कुपी जाताना हातात घेऊन बघा, झाकण मात्र उघडू नका. आत दिसतोय तो पांढरा खडा म्हणजे शुद्ध इथिलीन कार्बोनेट. ३६ अंशांच्या आसपास वितळतं. डिसेंबरात माझ्या खिडकीत ते दगडासारखं असतं, मे महिन्यात दुपारचं ऊन आलं की पाणी.