नटराज, कृष्णविवर आणि सत्तावीस किलोमीटरचा बोगदा

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत, ३९ आणि ४० क्रमांकाच्या इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत, दोन मीटर उंचीची एक नटराजमूर्ती उभी आहे. भारताच्या अणुऊर्जा विभागाने दिलेल्या या भेटीचे अनावरण १८ जून २००४ रोजी झाले. शिवाचे तांडव आणि मूलकणांचे क्षणोक्षणी होणारे जन्ममरण यांतले साम्य सांगणारा फलकही तिच्यापाशी आहे. तो फलक वाचण्याची तसदी न घेता अनेकांनी मूर्तीचे छायाचित्र जगभर फिरवले आणि त्यासोबत असे पसरवले की येथील शास्त्रज्ञ संहारदेवतेची उपासना करतात व जमिनीखाली दुसऱ्या जगाचे दार उघडू पाहतात.

ऑगस्ट २०१६ मध्ये तर याच मूर्तीसमोर रात्री नरबळी दिला जात असल्याचे भासवणारी चित्रफीत बाहेर आली. ते निव्वळ नाटक होते, आणि आवारात ये-जा करण्याची मुभा असलेल्यांनीच ते विनापरवानगी केले होते. करणाऱ्यांची करमणूक झाली असेल. खुलासे करत बसण्याची वेळ मात्र इतरांवर आली.

या मूर्तीच्या निमित्ताने वर आलेली भीती त्याआधीची आहे. १० सप्टेंबर २००८ रोजी लार्ज हेड्रॉन कोलायडर हे प्रोटॉनांच्या टकरी घडवणारे सर्नचे यंत्र सुरू होताच कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळंकृत होईल, असे भारतातील काही वृत्तवाहिन्या दिवसदिवस सांगत होत्या. मध्य प्रदेशातील एका शाळकरी मुलीने या धास्तीने जीव दिल्याचे वृत्त तेव्हा आले होते, त्यामुळे हा विषय केवळ हसण्यावारी नेता येत नाही. वास्तविक त्या दिवशी तेथे एकही टक्कर घडवायची नव्हती. प्रोटॉनांचा झोत २७ किलोमीटरच्या वर्तुळाकार बोगद्यातून आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवून पाहायचा, एवढेच काम होते.

टकरी सुरू झाल्यावर तरी धोका होता का? आज तेथे होणाऱ्या टकरीची ऊर्जा १३.६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, म्हणजे उडणाऱ्या डझनभर डासांच्या ऊर्जेएवढी. फक्त ती डासाच्या मानाने कल्पनातीत लहान जागेत एकवटलेली असते. अंतराळातून येणारे वैश्विक किरण याहून कितीतरी तीव्र टकरी पृथ्वीच्या वातावरणात अब्जावधी वर्षे घडवत आले आहेत. १९९१ मध्ये अमेरिकेतील युटा येथे नोंदलेल्या एका कणाची ऊर्जा तर जोरात फेकलेल्या चेंडूएवढी होती.

यावर एक आक्षेप मात्र खरोखर विचारात घेण्याजोगा आहे. वैश्विक किरणांच्या टकरीतून एखादे सूक्ष्म कृष्णविवर जन्मले, तर ते प्रचंड वेगाने पृथ्वीच्या आरपार निघून जाईल. समोरासमोर आदळणाऱ्या झोतांतून जन्मलेले मात्र मंद गतीचे असू शकेल आणि येथेच अडकून राहील. भौतिकशास्त्रज्ञांनी हा आक्षेप झटकून टाकला नाही. त्यांनी श्वेत बटू आणि न्यूट्रॉन तारे विचारात घेतले. हे तारे इतके घन असतात की त्यांच्यावर आदळणाऱ्या किरणांतून असे कृष्णविवर निर्माण झाले, तर ते बाहेर निसटू शकणार नाही. ते पृथ्वीला धोका देण्याइतक्या वेगाने वाढणारे असते, तर त्याने तो तारा कधीच संपवला असता. असे अतिप्राचीन तारे आजही दुर्बिणीतून दिसतात. सूक्ष्म कृष्णविवरे मुळात तयार होतात, याचाच कोणताही पुरावा अद्याप मिळालेला नाही, हे आणखी वेगळे.

पुढे १९ सप्टेंबर २००८ रोजी त्या यंत्रात खरोखरच अपघात झाला. दोन चुंबकांमधला विजेचा एक सदोष सांधा जळाला आणि चुंबक थंड ठेवण्यासाठी उणे २७१ अंशांवर राखलेला सुमारे ६ टन हेलियम वाया गेला. ५३ चुंबक बोगद्यातून वर काढावे लागले आणि वर्षभराहून अधिक काळ यंत्र बंद राहिले. षड्यंत्राच्या कथांमध्ये या सांध्याचा उल्लेख अभावानेच आढळतो.

भारताचा या यंत्राशी असलेला संबंधही मूर्तीपुरता नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सीएमएस या कणशोधकाच्या बाह्य भागाच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. पंधरा मीटर लांबीचे आणि सुमारे ३५ टन वजनाचे महाकाय चुंबक मिलिमीटरच्या अंशाइतक्या अचूकतेने जागेवर बसवण्यासाठी जे सुमारे ७ हजार जॅक लागले, ते भारतीय कारखान्यांत तयार झाले आहेत. ते बोगद्यात चुंबकांच्या पोटाखाली आहेत, त्यामुळे मूर्तीपाशी छायाचित्र काढणाऱ्यांना ते दिसत नाहीत.