नवे साहेब

(दृश्य : तालुक्याच्या गावातलं गोदाम. टेम्पोत खोकी चढतायत.)

साबण, बिस्किटं, चहापत्ती. डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात सकाळची घाई चालू आहे. सेल्समन आपापल्या लाइनला निघायच्या बेतात आहेत आणि एका उपड्या क्रेटवर लॅपटॉप मांडून बसलेत नवे साहेब. वय २४. एमबीए होऊन कंपनीत लागले, त्याला जेमतेम दोन महिने झालेत. काल रात्री जागून त्यांनी अख्ख्या तालुक्याचा रूट नव्याने आखलाय. नकाशावर बघाल तर बिनचूक : टेम्पोचे किलोमीटर कमी, डिझेल कमी, दुकानं जास्त.

आता ज्या गावाचा आठवडी बाजार बुधवारी भरतो, नेमकं त्याच गावाला साहेबांनी बुधवार दिलाय. बाजाराच्या दिवशी किराणावाल्याला गिऱ्हाइकांतून मान वर करायला सवड नसते, तो सेल्समनला ऑर्डर कुठली देतोय! २० वर्षं ही लाइन करणाऱ्या सेल्समनला हे पाठ आहे. पण तो म्हणतो काय? ‘बरं साहेब.’

नव्या एमबीएवाल्यांच्या मिजाशीबद्दल बोलताना आपण सगळा दोष त्या पोरांच्या डोक्यात शोधतो. निम्मा दोष या ‘बरं साहेब’मध्ये आहे. चूक तोंडावर कुणी सांगतच नाही. ती महिनाअखेरीला न खपलेला माल होऊन गोदामात येऊन बसते. तोवर साहेबांची खात्री पटलेली असते की प्लॅन चोख होता, माणसंच कामचुकार निघाली.

(दृश्य : अहमदाबाद. लाल विटांच्या कमानी.)

ही खात्री येते कुठून? अहमदाबादचं आयआयएम १९६१ साली सुरू झालं, हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मदतीनं. तिथूनच केस पद्धत आली, आणि पुढे देशभरच्या मॅनेजमेंट कॉलेजांत पसरली. केस म्हणजे एखाद्या कंपनीसमोरचा पेच, काही पानांत मांडलेला. वाचून यायचं आणि वर्गात सांगायचं : तुम्ही त्या खुर्चीत असता तर काय केलं असतं? पद्धत उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण ती खुर्ची बहुतेक वेळा वरच्या साहेबाची असते. म्हणजे ज्यानं आजवर एक बिलही फाडलेलं नाही, असं पोरगं दोन वर्षं रोज कुठल्या ना कुठल्या कंपनीचा कारभार चालवतं. लागणारी माहिती आधीच छापून हातात. निर्णय सांगितला की तास संपला. वसुलीला कुणी जायचं नसतं. वर, वर्गात बोलण्याला अनेक विषयांत गुण असतात. ‘मला यातलं कळत नाही’ म्हणणाऱ्याला कोण गुण देणार?

त्यात कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेला, दरवर्षी बसणारी अडीच-तीन लाख मुलं, आणि अहमदाबादच्या मुख्य अभ्यासक्रमाच्या जागा चारशेच्या आसपास. मग प्लेसमेंट, पेपरात छापून आलेला पॅकेजचा आकडा, गल्लीत पेढे. कंपनीही पहिल्याच दिवशी उचलून त्याला जुन्या माणसांच्या डोक्यावर बसवते. एवढं झाल्यावर पोराचे पाय जमिनीवर राहिले तरच नवल.

(दृश्य : उत्तर प्रदेशातलं गाव.)

यावर एक इलाज फार पूर्वी निघाला होता. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या हिंदुस्तान लिव्हरचा उत्तर प्रदेशात एटा इथे दुधाचा कारखाना होता. पुरेसं दूध मिळेना, तोटा वाढत गेला. तेव्हा १९७६ पासून कंपनीनं आसपासच्या गावांत गुरं आणि शेतीसाठी काम सुरू केलं, आणि आपल्या मॅनेजमेंट ट्रेनींना काही आठवडे तिथे मुक्कामाला धाडायची रीत पाडली. हॉटेलात नाही, गावकऱ्यांच्या घरी. तिथूनही काही जण सुंदर प्रेझेंटेशनच तयार करून परतले असणार, यात आम्हाला शंका नाही. तरी ज्यांच्या घरी जेवायचं त्यांच्यापुढे साहेबी चालवणं अवघडच.

(दृश्य : पुन्हा बाजारपेठ. किराणा दुकान.)

सगळ्या कंपन्या एवढा खर्च करत नाहीत. मग काही जुने डिस्ट्रिब्युटर आपल्यापुरता एटा उभा करतात. नव्या साहेबांना चहा पाजतात आणि पहिल्याच आठवड्यात वसुलीला पाठवतात, तेही ज्याचा चेक दोनदा परत आलाय अशा दुकानदाराकडे. दुकानदार आदरानं स्टूल पुढे करतो. मग वही काढतो. एक्स्पायरीचा माल परत घेतलेला नाही. फुटक्या बरण्यांचा क्लेम अडकलाय. दिवाळीच्या स्कीमचे पैसे गेल्या साहेबांनी कबूल केले होते, ते अजून आलेले नाहीत. हे मिटवा, चेक लगेच देतो.

तो क्लेम वरून मंजूर करून आणणं, हे साहेबांचं या बाजारातलं पहिलं खरं काम. काही जण खटपट करून आणतात, आणि त्यानंतर सेल्समनही त्यांच्याशी मोकळं बोलायला लागतात. काही जण वर्ष-दीड वर्षात जास्त पॅकेजवर दुसरीकडे निघून जातात. क्लेम वहीत तसाच राहतो, आणि दुकानदार तो पुढच्या साहेबांना दाखवतो.