चिठ्ठीच्या पुढची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीला आजार क्वचितच एकटा भेटतो. दम्याच्या रुग्णाच्या भिंतींना ओल आलेली असते, मधुमेह असलेल्या माणसाचे काम सुटलेले असते, गरोदर स्त्रीला तपासणीला जायचे असते, पण धाकट्या मुलाला सांभाळायला घरात कोणी नसते. डॉक्टरांची चिठ्ठी यांपैकी एकाही अडचणीवर चालत नाही. त्यासाठी निवाऱ्याच्या, रोजगाराच्या, बालसंगोपनाच्या आणि कायदेशीर मदतीच्या वेगळ्या यंत्रणा असतात, आणि गरजू माणसाला त्या यंत्रणांपर्यंत नेऊन पोहोचवण्याच्या कामाला ‘रिसोर्स नेव्हिगेशन’ असे नाव पडले आहे. आपण त्याला वाटाड्याचे काम म्हणू. मात्र वाट दाखवणे आणि नुसते वाटेला लावणे यांत मराठीने जो फरक केला आहे, तो कार्यकर्तीला आणि तिच्या पर्यवेक्षकाला कसा शिकवावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

वेल्समधील डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये एक कटू निरीक्षण मांडले होते. ज्या वस्तीला चांगल्या वैद्यकीय सेवेची सर्वाधिक गरज असते, तिथेच ती सेवा सर्वांत कमी मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. १९७८ मध्ये आल्मा-आता येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेत गाव-वस्तीतील कार्यकर्त्यांना मानाचे स्थान दिले, त्यामागेही हीच जाणीव होती. पुढे १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील रुग्णालयात शल्यविशारद हॅरॉल्ड फ्रीमन यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या संशयित रुग्णांसाठी वाटाडे नेमले. तपासणीत शंका निघाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतच्या काळात अनेक स्त्रिया कागदपत्रे, विमा, प्रवास आणि भीती यांत अडकून मागे राहत होत्या, आणि या नेमक्या टप्प्यावर वाटाड्याने त्यांची सोबत करायची होती. त्या रुग्णालयात पूर्वी पाच वर्षे जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ३९ टक्के होते, ते नंतरच्या काळातील रुग्णांत ७० टक्क्यांवर गेले. अर्थात या यशात मोफत आणि अल्पदरातील तपासणीचाही वाटा होता, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या वाटाड्याला देणे योग्य होणार नाही.

आता प्रशिक्षणाकडे वळू. पुष्कळ ठिकाणी कार्यकर्तीच्या हाती संस्थांची आणि दूरध्वनी क्रमांकांची यादी देतात, आणि दोन तासांच्या व्याख्यानानंतर ती प्रशिक्षित झाली असे मानतात. यादी लागतेच, परंतु ती दुधासारखी नासते. क्रमांक बदलतात, कार्यालये हलतात, पात्रतेच्या अटी बदलतात, आणि बंद पडलेल्या संस्थेच्या दारात एकदा उभ्या राहिलेल्या माणसाचा पुढच्या पत्त्यावर विश्वास बसत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे ती शेवटची कधी आणि कोणी पडताळली हे लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावली पाहिजे. माझ्या मते याहूनही उपयुक्त असा एक धडा आहे. प्रशिक्षणार्थीने स्वतः त्या कार्यालयात जावे, रांगेत उभे राहावे, अर्ज मागावा, कोणकोणते कागद लागतात ते विचारून घ्यावे, आणि खिडकीपलीकडचा माणूस कसा बोलतो हेही टिपून आणावे. अर्धा दिवस ताटकळल्यावर जे कळते, ते फळ्यावर लिहून कळत नाही.

दुसरा भाग संवादाचा. कार्यकर्तीला दिसलेली गरज आणि त्या माणसाला वाटणारी गरज एकच असेल असे नाही. तिला ओल दिसते, त्याला कर्जाची चिंता असते. ‘तुम्हाला आधी कशात मदत हवी आहे?’ हा प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत गप्प बसणे ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती सरावातील भूमिकांतून, म्हणजे एकीने रुग्ण आणि दुसरीने कार्यकर्ती होऊन, चांगली शिकता येते. माहिती सांगून झाल्यावर ‘समजले ना?’ असे विचारले की सगळे जण मान डोलावतात. त्याऐवजी ‘उद्या तिथे गेल्यावर तुम्ही काय कराल, मला सांगून बघा’ असे म्हटले, तर कुठला कागद राहून गेला आहे ते लगेच उघड होते.

संमतीचा मुद्दाही इथेच येतो. कोणाचीही माहिती दुसऱ्या संस्थेला कळवण्याआधी त्या व्यक्तीला विचारलेच पाहिजे. घरात मार खाणाऱ्या स्त्रीच्या हाती मदतकेंद्राचा पत्ता लिहिलेला कागद दिला आणि तो चुकीच्या माणसाला सापडला, तर मदतीचाच धोका होतो. अशा वेळी काय लिहायचे, काय तोंडीच सांगायचे आणि कोणासमोर विषयच काढायचा नाही, याचा सराव प्रत्यक्ष प्रसंग येण्याआधी झालेला असावा.

हे सगळे शिकून कार्यकर्ती कामाला लागते आणि महिन्याअखेरीस पर्यवेक्षक तिला विचारतो, ‘किती जणांना पाठवलेस?’ या एका प्रश्नाने प्रशिक्षणावर पाणी पडते, कारण जे मोजले जाते तेच पुढच्या महिन्यात केले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत कार्यकर्त्यांना आधार देणारे पर्यवेक्षण असावे, त्यात प्रत्यक्ष कामाचे निरीक्षण आणि लोकांचा अभिप्राय असावा, असे सांगितले आहे, आणि पर्यवेक्षकांनाही पुरेसे प्रशिक्षण मिळावे असे स्पष्ट म्हटले आहे. व्यवहारात मात्र चांगली कार्यकर्ती बढती मिळून पर्यवेक्षक होते, आणि नोंदवह्या तपासण्यापलीकडे तिला काही शिकवले जात नाही. पर्यवेक्षकाने महिन्यातून काही गृहभेटींना सोबत जावे, तिथे मध्ये न बोलता पाहावे, आणि परतीच्या वाटेवर आधी कार्यकर्तीचे म्हणणे ऐकावे. न बोलता पाहणे हे त्यातले सर्वांत अवघड, आणि म्हणून त्याचाही सराव लागतो.

विचारायचा प्रश्न असा असावा: ‘पाठवलेल्या प्रत्येकाचे पुढे काय झाले?’ नोंदवहीत त्याची उत्तरे चार प्रकारची असू शकतात. सेवा मिळाली, सेवा नाकारली गेली, त्या व्यक्तीनेच नको म्हटले, किंवा अशी सेवा इथे उपलब्धच नाही. पहिल्या तीन उत्तरांवर कार्यकर्ती काहीतरी करू शकते. चौथ्यावर ती काहीही करू शकत नाही, आणि तरीही तिलाच त्या घरी पुन्हा जाऊन ते सांगावे लागते. हे ओझे तिने एकटीने वाहू नये म्हणून पर्यवेक्षकाला दोन गोष्टी शिकवाव्या लागतात. तिला मन मोकळे करायला वेळ देणे ही एक, आणि अशा चौथ्या उत्तरांची संख्या वस्तीनिहाय मांडून, जिथे निधी आणि मनुष्यबळ यांचे निर्णय होतात त्या बैठकीत ती वाचून दाखवणे ही दुसरी. वाटच नाही असे शंभर वेळा नोंदले गेल्यावर ती नोंद कपाटात राहिली, तर एकशेएकाव्या घरी कार्यकर्ती प्रश्न विचारायचाच टाळते.

नमस्कार.