आठवीनंतर

नागपूरच्या कळमना मार्केटजवळच्या वस्तीतली ही शाळा. विदर्भातल्या बाकी शाळांसारखी तीही जूनच्या अखेरीस उघडते. वर्ग थोडे, शिक्षक त्याहून थोडे. विज्ञानाच्या मॅडमच गणित घेतात. निवडणुकीचं काम आलं की तेही तास बुडतात.

दहावीचा निकाल लागला की सगळे टक्के विचारतात. गाडी अडते ती त्याआधीच, नववीच्या दारात. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी. म्हणून आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारी शाळेतच खिचडी. नववीत गेलं की तिन्ही बंद. वडील मार्केटमध्ये हमाली करतात, आई पहाटेच धुणीभांड्याला निघते, मग डबा कोण भरणार? व्हरांड्यात लहान वर्गांची पंगत बसते आणि नववीची मुलं तिच्या बाजूने नळावर पाणी प्यायला जातात. वाढत्या वयाच्या पोरांचं जेवण असं तोडणं मला अजिबात पटत नाही. दहावीपर्यंत ते मिळायलाच हवं.

आता नववीच्या वर्गातल्या फळ्याकडे बघा. दोन चलांतील रेषीय समीकरण. फळ्यापाशी उभ्या मुलीने मांडणी बरोबर केली आणि अडली ती उणे सातात तीन मिळवताना. उणे दहा लिहिलं, खोडलं, पुन्हा उणे दहाच लिहिलं. मॅडम समीकरण बाजूला ठेवतात. फरशीवर खडूने संख्यारेषा काढून तिलाच उणे सातवर उभं करतात. एक, दोन, तीन पावलं उजवीकडे. ती उणे चारवर थांबते आणि पायाखालचा आकडा स्वतःच मोठ्याने वाचते. मध्ये बंद झालेली पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परत आली, ठीक आहे. पण कच्चं राहिलेलं असं जवळ बसूनच भरून निघतं, आणि त्यासाठी माणूस लागतो.

नेमकी तीच अडचण. पदं पटसंख्येवर मंजूर होतात. मुलं गळाली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. तो गेला की आणखी मुलं गळतात.

दहावीत दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीत जाता येतं, पुरवणी परीक्षाही असते. वस्तीत हे पोचतच नाही. नापास झालेला मुलगा पोती उचलायला लागतो, मुलीसाठी स्थळं बघायला सुरुवात होते. म्हणून निकाल लागताच मॅडम घरोघरी फिरून पुरवणीचे फॉर्म भरून घेतात. फीचे पैसे नसतील तिथे शिक्षक आपसात वर्गणी काढतात.