रान खरडलं, हेक्टर शाबूत

(दृश्य : सीनेचा काठ, परंडा तालुका, जिल्हा धाराशिव. बाभळीच्या शेंड्यात गुंतलेल्या ठिबकच्या नळ्या.)

या नळ्या खाली शेतात होत्या. शेत अजून आहे, सातबाऱ्यावर. सप्टेंबर 2025 मध्ये सीना पात्र सोडून या रानातून गेली आणि जाताना वरची काळी माती घेऊन गेली. खाली उरला तो मुरूम. इकडं म्हणतात, रान खरडून गेलं. पीक गेलं तर पुन्हा पेरता येतं. रानच गेल्यावर पेरायचं कशात?

(दृश्य : पंचनामा. लाकडी पट्टी वाळूत रोवली जाते. जवळून.)

तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, तिघं बांधावर. बांध म्हणजे जिथं तो होता तिथं. पट्टीवर नजर ठेवा. गाळ किंवा वाळू तीन इंचांपेक्षा जास्त साचली असेल, तरच ती काढायला हेक्टरी 18,000 रुपये. अडीच इंच भरली तर काही नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा 2025 मधला निकष हा.

आता पलीकडचं रान. इथं साचलं काहीच नाही, सगळं गेलंय. त्याला हेक्टरी 47,000. मूळ निकषात यासाठी कारणं दिलीत ती दरड कोसळणं, हिमस्खलन आणि नदीनं पात्र बदलणं. परंड्यात हिमस्खलन व्हायचं नाही, तेव्हा सगळी भिस्त नदीवर. शेतकरी अल्पभूधारक हवा, 2 हेक्टरपर्यंतचा, आणि महसुली दप्तरात जमीन त्याच्या नावावर हवी. बटईनं कसणाऱ्याचं नाव त्या दप्तरात नसतंच.

गंमत बघा. वरच्या रानातली माती खालच्या रानात. वरच्याला गेली म्हणून मदत, खालच्याला आली म्हणून मदत. माती तीच.

(दृश्य : काठाचा उभा छेद. वर काळी माती, खाली मुरूम. माणूस शेजारी उभा. काळा थर त्याच्या गुडघ्याच्या वर.)

पट्टी साचलेल्या गाळाला लागते. गेलेल्या मातीची खोली मोजायला पट्टी नाही. फूटभर गेली काय आणि कंबरभर गेली काय, 47,000च. दर क्षेत्राला आहे, खोलीला नाही.

हिशेब मांडू. एक हेक्टर म्हणजे सुमारे 1 लाख 7 हजार 600 चौरस फूट. त्यावर एकच फूट माती परत टाकायची तर 1,076 ब्रास; ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धरा एक ब्रास. म्हणजे हजारावर खेपा, आणि खेपेला 44 रुपयेसुद्धा येत नाहीत. त्यात अर्धा लिटर डिझेल बसेल. भरणं, आणणं, पसरणं, सपाट करणं वेगळंच.

7 ऑक्टोबर 2025 ला राज्य सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडलेल्या जमिनीला 47,000 रोख आणि शिवाय हेक्टरी 3 लाख मनरेगातून, म्हणजे रोजगार हमीतून. आता खेपेला 322 रुपये पडतात. आकडा माणसात आला, हे कबूल. पण मनरेगा म्हणजे मजूर, हजेरीपट, तेव्हाची 312 रुपये मजुरी. मजुरांच्या जागी यंत्र लावायला मनाई. हजार ट्रॉल्या माती घमेल्यानं?

(दृश्य : काठोकाठ गाळानं भरलेली विहीर. वर पंपाचा पाइप तेवढा दिसतो.)

विहिरीला 30,000.

(दृश्य : तहसीलच्या पायऱ्या. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आधार, पासबुक.)

या रानात रब्बी पेरली गेली नाही.

(दृश्य : तळ्यातला गाळ घेऊन ट्रॉली येते. मुरमावर आणखी एक काळा ढीग पडतो.)

सकाळपासूनची ही अकरावी.

(निवेदन इथं थांबतं. ट्रॅक्टरचा आवाज बारावी ट्रॉली रिकामी होईपर्यंत चालू ठेवावा.)