तुर्भ्याची पट्टी

रात्रीचे तीन वाजलेत. नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या भाजी मार्केटात नाशिक, पुणे, साताऱ्याकडच्या गाड्या लागल्यात. माथाडी कोबीच्या गोण्या पाठीवर घेतात, मेथीच्या जुड्या गाळ्यावर पडतात आणि पाहता पाहता भाव फुटतो, म्हणजे त्या दिवसाचा दर ठरतो.

नवी मुंबई वसवायला ९५ गावांच्या जमिनी गेल्या. आगरी-कोळ्यांची भातखाचरं गेली, मिठागरं गेली. मुंबईतल्या गर्दीतला घाऊक बाजार मग खाडीपलीकडे आला. भाजी आणि फळं १९९६ साली. शेत मोडून वसलेल्या या शहरात आज दूरदूरच्या शेतांचे भाव ठरतात.

शेतकऱ्याच्या हाती शेवटी येते ती पट्टी. हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून उरलेल्या रकमेचा कागद. ती बरी आली की गावात कुणाच्या घरावर पत्रे चढतात, गवंड्याला काम मिळतं, शिंप्याकडे कापड जातं. पैसा गावातच चार हात फिरतो. जागतिक बँकेच्या २००८ च्या विकास अहवालात म्हटलंय, की गरिबी कमी करायला शेतीतली वाढ इतर क्षेत्रांतल्या वाढीपेक्षा निदान दुप्पट कामाला येते.

पण पट्टी बरी यायला हवी ना! रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासानुसार गिऱ्हाइकाच्या रुपयातले शेतकऱ्याला कांद्यामागे ३६ पैसे मिळतात, टोमॅटोमागे ३३. सगळं खापर अडत्यावर, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालावर, फोडणं सोपं आहे. पण वाटेत सडलेल्या टोमॅटोचे पैसे कोणीच देत नाही, आणि माल नासायच्या आत विकायची घाई शेतकऱ्यालाच असते.

आणि ज्याच्याकडे विकायला मालच नाही, त्याचं काय?

ते बघायला लांब जायला नको. ठाणे जिल्ह्यातच शहापूर आहे. इथल्या भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं. मे महिन्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरसाठी हंड्यांची रांग लागते. पावसावरचं एकच भाताचं पीक. ते झोडून झालं की शेतात काम नाही. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भांडीकुंडी बांधून, पोरांना घेऊन वीटभट्टीवर निघतात. भट्टीमालकाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, बहुतेकदा खाऊनही झालेली.

ती फिटली, तर पावसाच्या तोंडावर घरी. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, मजुरीला.